पावसात बहिरी ससाणा बघायला जाताय? या चुका टाळा

लंडनमध्ये राहणारे किंवा सुट्टीत इकडे येणारे आपले पक्षीवेडे लोक टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाच्या धुराड्यावरचा बहिरी ससाणा (पेरेग्रीन फाल्कन) बघायला आवर्जून जातात, आणि मग खूप जणांचं एकच ऐकू येतं, पहाटे उठून गेलो, पाऊस लागला, काहीच दिसलं नाही, परत आलो. खरं सांगू का, बऱ्याचदा पक्षी तिथेच असतो. आपण कुठे उभे राहतो, कुठे बघतो आणि किती लवकर कंटाळतो, गडबड तिथे होते. टेटचं उदाहरण घेतलंय कारण ते सगळ्यांना माहितीये, पण नॉरिच, डर्बी, सॉल्सबरी इथल्या कॅथेड्रलना पण हेच लागू पडतं.

टोकावर डोळे लावून बसणं

कोरड्या दिवशी ससाणा सगळ्यात उंच कडेवर बसतो म्हणून सगळे तिथेच दुर्बीण लावतात. पण पावसात तो आडोशाला सरकतो. लंडनचा पाऊस बहुतेक वेळा नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर येतो, म्हणजे इमारतीची उत्तर आणि पूर्व बाजू त्यातल्या त्यात कोरडी राहते. आधी वारा कुठून येतोय ते बघा, मग उलट्या बाजूच्या खाचा, कडेखालचे कंगोरे, पाईपांच्या मागच्या जागा एकेक करून सावकाश तपासा. पिसं फुगवून, मान आत घेऊन बसलेला ससाणा ओल्या विटेसमोर दगडासारखा दिसतो, त्यामुळे पहिल्या नजरेत निसटतोच. छातीचा फिका रंग शोधा, पाठीचा राखाडी रंग भिंतीत मिसळून जातो.

बरोब्बर खाली जाऊन उभं राहणं

धुराडं ९९ मीटर उंच आहे. पायथ्याशी उभं राहिलात तर फक्त विटा दिसतील, मान धरेल आणि वर बघताना पाऊस थेट काचेवर पडेल. मिलेनियम ब्रिजच्या बाजूला नदीकाठी मागे सरका, किंवा सरळ पुलावर जा. शंभर-दोनशे मीटर लांब गेलात की कोन सपाट होतो आणि उडालेला पक्षी कुठे गेला ते पण कळतं.

पाऊस थांबायच्या आत निघून जाणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. जोरात पाऊस असताना ससाणा तासन्‌तास हलत नाही आणि त्याला हलायची गरज पण नसते. एड ड्रूइट आणि निक डिक्सन या पक्षी-अभ्यासकांनी शहरी ससाण्यांच्या खाण्याचे अवशेष वर्षानुवर्षं तपासले, त्यात रात्री स्थलांतर करणारे पक्षी निघाले, वुडकॉक, पाणकोंबडीच्या जातीतले लाजरे पक्षी, असले दिवसा शहरावरून कधी न दिसणारे. म्हणजे इमारतींच्या दिव्यांच्या उजेडात हे रात्री शिकार करतात. शिवाय उरलेलं खाणं कडेवरच्या खाचेत लपवून ठेवायची सवय पण असते. त्यामुळे पहाटे तुम्ही पोचलात तेव्हा तो पोटभर खाऊन बसलेला असू शकतो.

पण पाऊस ओसरला, म्हणजे पूर्ण थांबायच्याही आधी, नुसती भुरभुर राहिली की बघा. आधी अंग झटकतो, मग शेपटीच्या बुडाशी जी तेलाची ग्रंथी असते तिथे चोच घासून एकेक पीस विंचरायला घेतो, मग पंख अर्धवट उघडून वाऱ्याला धरतो. हे बघायलाच खरं पावसात जायचं, कारण उन्हाळी दुपारी तो एवढा वेळ एवढ्या उघडपणे हे सगळं करताना क्वचितच दिसतो. आणि यानंतर बऱ्याचदा शिकार. पावसात दबून बसलेली कबुतरं पण त्याच वेळी बाहेर पडतात ना. तुमची नजर ससाण्यावर नसेल तर कबुतरांवर ठेवा, अख्खा थवा एकदम घट्ट होऊन वळला की वर बघायचं. सरळ खाली झेपावताना त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातो, पण शहरात बऱ्याचदा तो आडवा, इमारतींच्या आडून येतो, म्हणून फक्त आकाशाकडे बघत राहिलात तर हुकतं.

कबुतरांवरच जगतो असं पण समजू नका. लॉकडाऊनमध्ये लंडनच्या ससाण्यांच्या खाण्यात कबुतरं कमी झाली आणि साळुंक्यांच्या जातीतले स्टार्लिंग आणि पोपट वाढले असं अभ्यासात दिसलं. हे पोपट म्हणजे आपल्याकडचेच, गळ्याला कंठ असलेले हिरवे. ते ओरडत एकदम उडाले तरी कान टवकारायचे.

आपल्या पावसाची सवय घेऊन जाणं

सह्याद्रीतला पाऊस बघितलेला माणूस इथल्या भुरभुरीला पाऊसच मानत नाही आणि नुसतं जॅकेट घालून जातो. पण ही भुरभुर दोन तास चालते, नदीवर गार वारा असतो आणि एप्रिलमध्ये पण बोटं आखडतात. जॅकेटची टोपी घातली तर बाजूचं दिसत नाही आणि ससाण्याचा आवाज पण कळत नाही, तो कर्कश कॅक-कॅक-कॅक आधी ऐकू येतो मग पक्षी दिसतो. कडा असलेली कॅप जास्त चांगली.

दुर्बीण शर्टाने पुसणं

नका करू. धूळ आणि पाणी मिळून काचेवरचं कोटिंग ओरखडलं जातं. आधी थेंब झटका, मग मायक्रोफायबरचं कापड. धुकं येतंय ते बहुतेक वेळा आपल्याच श्वासाचं असतं, बघताना नाकाने खाली श्वास सोडा आणि दुर्बीण जॅकेटच्या आत ठेवू नका. बाहेर गार झालेल्या काचेवर श्वास लागला तरी धुरकटते हे खरं, पण उबदार ओलसर जॅकेटातून सारखी आतबाहेर केली तर जास्त त्रास होतो. ८ बाय ४२ ची (आठ पट मोठं दाखवणारी, पुढची काच ४२ मिलिमीटरची) वॉटरप्रूफ दुर्बीण पुरते. स्कोप (एकनळी मोठी दुर्बीण) असेल तर झूम कमीच ठेवा, पावसात ६० पट झूमवर नुसता करडा पडदा दिसतो.

कॅमेऱ्याचं थोडक्यात: पांढऱ्या आकाशासमोर पक्षी काळा ठिपका येतो, एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप वाढवा, आयएसओ वाढला तरी चालेल. आणि घरी आल्यावर कॅमेरा बंद बॅगेतच थोडा वेळ राहू द्या, एकदम गरम खोलीत उघडलात तर आत दव धरतं.

ससाण्यासारख्या दिसणाऱ्या प्रत्येक पक्ष्याला बहिरी ससाणा म्हणणं

एका जागी हवेत पंख फडफडवत थांबला तर तो केस्ट्रेल, आपला खरूची. बहिरी ससाणा त्याच्यापेक्षा खूप भारदस्त, आखूड शेपटीचा, गालावर जाड काळी मिशी. मादी नरापेक्षा बरीच मोठी असते. तपकिरी आणि छातीवर उभ्या रेघा दिसल्या तर तो साधारण पहिल्या वर्षातला कोवळा पक्षी.

पिल्लांच्या दिवसांत जवळ जाणं

मार्चअखेर-एप्रिलमध्ये अंडी, जूनमध्ये पिल्लं उडायला लागतात. हे पक्षी घरटं बांधत नाहीत, नुसता खड्डा करतात, म्हणून कॅथेड्रलवर लावलेल्या पेट्यांमध्ये खडी घालून पाणी निचरायची सोय करतात, नाहीतर लांबलेल्या पावसात अंडी पाण्यात आणि पिल्लं गारठून जातात. अशा वेळी मादी पिल्लांवर पंख पसरून बसलेली असते. ती उडावी म्हणून टाळ्या वाजवणं, ड्रोन सोडणं हे करूच नका, ती उठली की पिल्लं भिजतात. शिवाय १९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार घरट्यापाशी त्यांना मुद्दाम त्रास देणं इथे गुन्हा आहे. डीडीटीसारख्या कीटकनाशकांमुळे अंड्यांची कवचं पातळ होऊन हा पक्षी १९६० च्या दशकात ब्रिटनच्या बऱ्याच भागांतून जवळजवळ संपत आला होता, २०१४ च्या गणनेत देशात अंदाजे १७६९ जोड्या निघाल्या, एवढं परत मिळवायला लोकांनी खूप वर्षं राखण केलीये.

आणि जूनच्या पावसात फुटपाथवर भिजलेलं पिल्लू दिसलं तर उचलून घरी नेऊ नका, पाणी पाजू नका. पहिल्या उडीत खाली उतरणं नेहमीचं आहे. रस्त्यावर गाडीखाली यायची भीती असेल तर कुत्री-माणसं लांब ठेवून उभे राहा आणि तिथल्या ससाण्यांवर लक्ष ठेवणाऱ्या गटाला किंवा आरएसपीसीए या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेला फोन करा, ते येऊन त्याला तपासतात आणि उंच जागी परत ठेवतात, तिथे आईबाप त्याला खायला आणत राहतात.