मानवी हक्क शिकवू पाहणाऱ्या नव्या शिक्षकांसाठी

मानवी हक्कांचा घटक शिकवायला घेतला की बहुतेक नवे शिक्षक १० डिसेंबर १९४८ या तारखेपासून सुरुवात करतात. त्या दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला, त्यात ३० कलमे आहेत, हे फळ्यावर लिहिले जाते, मुले ते वहीत उतरवून घेतात आणि तास संपतो. गोव्यातील मराठी माध्यमाच्या उच्च प्राथमिक वर्गांना नागरिकशास्त्र शिकवताना माझे असे ठाम मत झाले आहे की, अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे कलम ज्या तासाला पाठ करून घेतले जाते, त्याच तासाला प्रश्न विचारणाऱ्या मुलाला खाली बसवले जात असेल, तर मुलांच्या मनात खाली बसवणेच राहते. संयुक्त राष्ट्रांच्या २०११ च्या मानवी हक्क शिक्षणविषयक जाहीरनाम्यातही हक्कांविषयीचे शिक्षण, शिकणाऱ्याच्या व शिकवणाऱ्याच्या हक्कांचा मान राखून दिलेले शिक्षण आणि हक्क बजावता यावेत यासाठीचे शिक्षण, अशा तिन्ही अंगांचा उल्लेख आहे. यांतले दुसरे अंग सर्वांत अवघड आहे, कारण ते पाठ्यपुस्तकात सापडत नाही.

गोव्यात या विषयाला हात घालायला १८ जून १९४६ इतकी जवळची वाट दुसरी नाही. पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत सभा भरवायला आणि मजकूर छापायला सरकारची पूर्वपरवानगी लागत असे, आणि त्याच बंदीविरुद्ध डॉ. राममनोहर लोहिया मडगावात बोलायला उभे राहिले व त्यांना अटक झाली. मात्र ही हकीकत आधी सांगून टाकू नये. ‘उद्यापासून गावात परवानगीशिवाय चार माणसांनी एकत्र जमायचे नाही, असा हुकूम निघाला तर काय काय थांबेल?’ एवढाच प्रश्न मुलांना द्यावा आणि त्यांची यादी फळ्यावर जशीच्या तशी लिहावी. देवळातले भजन, शिगम्याच्या रोमटामेळाची तालीम, फुटबॉलचा सामना, ग्रामसभा अशी यादी वाढत जाते. मग लोहियांची सभा आणि १९४८ च्या जाहीरनाम्याचे सभास्वातंत्र्याचे २० वे कलम आले की ते मुलांना परके वाटत नाही. पुढच्या तासासाठी घरातल्या किंवा शेजारच्या वृद्ध माणसांना त्या काळाविषयी विचारून यायला सांगावे.

दुसरा उपक्रम ‘एक पाऊल पुढे’ हा आहे. मानवी हक्क शिक्षणात तो जगभर वापरला जातो, मात्र त्यातल्या भूमिका आपल्या परिसरातल्या असाव्यात. प्रत्येक मुलाला एक चिठ्ठी द्यावी: ट्रॉलरवर काम करणाऱ्या परप्रांतीय खलाशाची मुलगी, किनाऱ्यावरच्या हॉटेलमालकाचा मुलगा, चाकाच्या खुर्चीतून शाळेत येणारा विद्यार्थी, काजूच्या कारखान्यात जाणाऱ्या एकट्या आईची मुलगी. चिठ्ठी कोणी कोणाला दाखवायची नाही. सगळ्यांना एका रेषेवर उभे करून शिक्षकाने ‘मी आजारी पडले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाता येते’ यासारखी वाक्ये वाचावीत आणि ज्यांना आपल्या भूमिकेसाठी ते वाक्य खरे वाटेल त्यांनी पाऊल टाकावे. एकदा ‘माझ्या घरचे लोक ग्रामसभेत बोलू शकतात’ या वाक्याला खलाशाच्या मुलीची चिठ्ठी मिळालेल्या मुलीने पाय उचलला आणि पुन्हा मागे घेतला. नंतर तिने कारण सांगितले की, बाबांचे नाव इथल्या मतदारयादीत नसेल, मग त्यांना तिथे बोलू कोण देईल? राज्यकारभारात सहभागी होण्याच्या हक्काचे २१ वे कलम मी त्यापूर्वी अनेकदा समजावले होते, पण त्याचा खरा धागा तिने धरून दिला, आणि उरलेला तास तिच्याच प्रश्नावर गेला.

चिठ्ठ्या वाटताना एक पथ्य कटाक्षाने पाळावे. ज्या मुलाचे खरे आयुष्य चिठ्ठीतल्या भूमिकेसारखे आहे, त्याच्या हाती ती चिठ्ठी जाऊ देऊ नये. आपल्या वर्गांत कर्नाटकातून, उत्तर प्रदेशातून आलेल्या मजुरांची मुले असतात आणि त्यांची गरिबी खेळाचा विषय होता कामा नये. गटचर्चेत अशा मुलांना आधी आपल्या भाषेत बोलू द्यावे, गटातल्या दुसऱ्याने ते मराठीत मांडावे. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या १२ व्या कलमाने मुलाला आपले मत मांडण्याचा हक्क दिला आहे आणि भारताने ती संहिता १९९२ साली मान्य केली आहे.

अशा तासांना दोन तासिका जोडून मिळाल्या तरच चर्चा पुरी होते, तेव्हा वर्षाच्या सुरुवातीलाच मुख्याध्यापकांशी बोलून ठेवावे. हक्क शिकवले तर मुले उलटून बोलतील, अशी शंका काही पालक काढतात. त्यांना तासाला बसायचे आमंत्रण द्यावे. दुसऱ्याचे बोलणे संपेपर्यंत थांबणारी मुले पाहिली की बहुतेकांची काळजी कमी होते. शारीरिक शिक्षेबाबत मात्र कोणाशीही तडजोड करू नये, कारण शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने ती आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे.

मोकळ्या वर्गात एखादे मूल घरी किंवा बाहेर आपल्यावर होणाऱ्या अत्याचाराविषयीही बोलून जाते. ते सर्वांसमोर पुढे विचारू नये, तास संपल्यावर शांतपणे ऐकावे आणि ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन कधीही देऊ नये. मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. १०९८ हा बालसाहाय्य क्रमांक आणि गोवा बालक कायदा, २००३ यांची माहिती शिक्षकाने पहिला उपक्रम घेण्यापूर्वीच करून घ्यावी.