बाळ घरी येण्याआधी: लंगोट, दुपटी आणि दाराशी भरलेली पिशवी

जन्माआधी बाळासाठी काही विकत आणायचं नाही, असं अजून बऱ्याच घरांत मानतात. मानायला हरकत नाही. पण मग ऐनवेळी दुकानातून आणलेलं कोरं, खळीचं कापड न धुताच बाळाच्या अंगाला लागतं. यावरची तोड जुनीच आहे: घरातल्या मऊ पडलेल्या सुती साड्या आणि धोतरं. सातव्या महिन्याच्या अखेरीस कामाला लागा आणि छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत सगळं धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवा. सदतिसाव्यानंतर कळा कधीही सुरू होऊ शकतात.

लंगोट किती, कसे

पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि ११० सेंटिमीटर रुंद असते. काठ कापून टाका, पदर बाजूला ठेवा. उरलेल्यात ५० सेंटिमीटरचे चौकोन रुंदीत दोन बसतात, म्हणजे एका साडीत १८ ते २० लंगोट निघतात. कडा दुमडून एक शिलाई मारली की झालं. चौकोन कोपऱ्यावर दुमडून तिकोनी करायचा, शी-शूसाठी मधे अजून एक घडी टाकायची.

बाळ दर एक-दोन तासांनी लंगोट ओला करतं, त्यामुळे दिवसाला १५ ते २० सहज लागतात. उन्हाळ्या-हिवाळ्यात ३० पुरतात. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, ४० हवेत. घरात दोरी बांधली तरी लंगोट दमटच राहतात, आणि दमट लंगोटात बुरशी धरून जांघेत लाल चट्टे उठतात. वाळल्यासारखे वाटले तरी इस्त्री फिरवा.

लंगोट पांढरे किंवा फिके घ्या. रंगीत छापील कापडावर शू कशी झाली ते दिसत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत विटकरी-गुलाबी डाग पडला तर घाबरण्यासारखं नसतं. पाचव्या दिवसानंतरही तसा दिसला, किंवा चोवीस तासांत सहापेक्षा कमी लंगोट ओले झाले, तर दूध पुरेसं पोटात जात नसावं. बाळाला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पहिली शी काळसर-हिरवी आणि डांबरासारखी चिकट असते. ढुंगणाला आधीच खोबरेल लावून ठेवलं तर ती पुसून निघते. हे दिवस सर्वांत विटक्या कापडांवर काढा, डाग पडले की सरळ टाकून द्या.

दुपटी मीटरभर चौरस, आठ-दहा पुरे. बाळ गुंडाळताना हात आवळले तर ते शांत होतं, पण पाय सरळ ताणून बांधू नका. खुब्याचा सांधा निसटू शकतो. गुडघे बेडकासारखे बाहेर पडायला जागा हवी.

झबली पुढून उघडी आणि बंदांची, बटणांशिवाय. शिवण बाहेरच्या अंगाला ठेवायला सांगा, नाहीतर काखेत टोचते. गळ्यापाशी लांब नाडी नको.

धुण्यातली चूक

सगळं साध्या साबणाने धुवा आणि स्वच्छ पाण्यात तीनदा खळबळा. कपडे मऊ करणारं द्रव वापरलं की लंगोट पाणी शोषत नाही. जंतुनाशकाचे दोन थेंब जास्त पडले की कापडात राहतं आणि पुरळ येतं. कडक ऊन पुरेसं आहे.

पेटीतल्या जुन्या कापडाची मात्र एक बाब बहुतेकांना माहीत नसते: डांबरगोळ्या. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं विकर जन्मतः कमी असतं. त्यांच्यात या गोळ्यांच्या वाफेने तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ वाढते. आपल्या बाळाचं काय, ते आधी कळत नाही. म्हणून थोरल्याचे जपलेले कपडे, आजीची गोधडी बाहेर काढाल तेव्हा वास घेऊन बघा. दोन-तीन धुण्यांनंतरही वास उरला, तर ते कापड बाळासाठी नको.

खोली

कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीच नको. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, आणि बाळंतीण-बाळ दोघंही झोपेत गुदमरू शकतात. वावडिंग-ओव्याच्या धुरीचाही हट्ट सोडा, धुराने बाळाचा श्वास कोंडतो. शेकायला गरम पाण्याची पिशवी बाळंतिणीला पुरते. बाळाला तिची गरज नाही.

बाळाला उताणं, सपाट आणि टणक गादीवर झोपवा. मोहरीची उशी ज्येष्ठ मंडळी हौसेने शिवतात, पण ती बाळाच्या डोक्याखाली नको. झोळीत हनुवटी छातीला टेकली की श्वासनलिका दबते. झोळी बांधणारच असाल तर बाळ तिथे झोपलेलं असताना कुणीतरी समोर असावं. पहिली आंघोळ चोवीस तासांनंतर.

पिशवी आणि कागद

दोन वेगळ्या पिशव्या भरा. आईच्या पिशवीत पुढून उघडणारे तीन गाऊन, सहा सुती चड्ड्या, मोठे पॅड, चपला. बाळाच्या पिशवीत चार झबली, दहा लंगोट, तीन दुपटी, दोन टोपडी, पायमोजे. काजळ, मध, गुटी यांतलं काहीही नको. काजळात शिसं असू शकतं. मध वर्षभर बाळाच्या तोंडी लावायचा नाही. जन्मल्यावर पहिल्या तासात आईचा चीक, बस.

वरच्या कप्प्यात माता-बाल संरक्षण कार्ड, आधार, रक्तगटाचा आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट. माहेरी बाळंतपण करायचं असेल तर तिथल्या दवाखान्यात आधी एकदा तरी तपासून नाव नोंदवा. रात्रीसाठी १०८ ध्यानात ठेवा, शिवाय जवळच्या एका रिक्षावाल्याचा नंबर घ्या.

सुटी मिळायच्या आधी बीसीजी, पोलिओचा शून्य डोस, हिपॅटायटिस-बी (हा चोवीस तासांत) आणि ‘के’ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन झालं का, ते कार्डावर बघून घ्या. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. दवाखाना माहिती कळवतो, पण त्या फॉर्मवर आई-वडिलांच्या नावांचं स्पेलिंग आधारशी अक्षरन् अक्षर जुळवून मगच सही करा. बाळाचं नाव ठरलं नसेल तर तो रकाना रिकामा सोडा. बारसं झाल्यावर, वर्षाच्या आत, नाव फुकट घालता येतं.