मोरचुदाचं मॉलिक्युलर वेट किती?

एमएस्सीच्या पहिल्या सेमिस्टरला मोरचुदाचं, म्हणजे कॉपर सल्फेटचं, ०.१ मोलार द्रावण करायचं होतं, २५० मिली. मोबाइलवर नाव टाकलं, वर १५९.६ दिसलं, ३.९९ ग्रॅम तोलले. आयोडाइड घालून थायोसल्फेटनं टायट्रेशन केलं. २५ मिलीला रीडिंग २५च्या आसपास हवं, आलं १६.०. पुन्हा १६.०. स्टार्च ताजा केला, थायोसल्फेट परत स्टँडर्डाइझ केलं, ब्युरेटसुद्धा बदललं. दोन दिवस गेले.

शेवटी लॅबच्या मामांनी बाटली डोळ्यांपुढे धरली. "निळं आहे ना? मग त्यातलं पाणी कोण मोजणार?" १५९.६ हा आकडा निर्जल, म्हणजे पाणी नसलेल्या, कॉपर सल्फेटचा, आणि ते पांढरट असतं. बाटलीत पेंटाहायड्रेट होतं, म्हणजे पाण्याचे पाच रेणू धरून बसलेलं, २४९.७. हवे होते ६.२४ ग्रॅम. आमच्या द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणासाठी मोरचुदाची पोती येतात, त्यांच्यावर बसून मी लहानपणी खेळलोय. तरी डोक्यात प्रकाश पडला नाही.

तेव्हा नावानं शोधू नका, कॅस नंबरानं, म्हणजे प्रत्येक रसायनाच्या स्वतंत्र ओळख क्रमांकानं, शोधा. निर्जलचा ७७५८-९८-७, पेंटाहायड्रेटचा ७७५८-९९-८. नंबर बाटलीवरूनच उतरवायचा, गुगलवरून नाही. शेवटचा अंक पडताळणीचा असतो. बाकीचे अंक उजवीकडून १, २, ३ असे गुणत जा आणि बेरीज करा. पेंटाहायड्रेटची: ९×१ + ९×२ + ८×३ + ५×४ + ७×५ + ७×६ = १४८. एककस्थानी ८, शेवटचा अंकही ८, म्हणजे नंबर बरोबर उतरला. पण निर्जलचा नंबरही या परीक्षेत पास होतो! पदार्थ तोच आहे का, हे लेबलच सांगेल. फेरस सल्फेट, ऑक्झॅलिक ॲसिड, सोडियम कार्बोनेट, सगळीकडे हाच खड्डा आहे.

बाकीचं थोडक्यात. पबकेम या रसायनांच्या फुकट डेटाबेसमध्ये प्रत्येक आकड्याखाली तो कुठून घेतला ते दिलेलं असतं, ते वाचा. एकाच पदार्थाचे तीन मेल्टिंग पॉइंट दिसले तर घाबरू नका, शुद्धता आणि तापवण्याचा वेग यांनी फरक पडतो. बॉइलिंग पॉइंट मात्र कोणत्या दाबाला, हे पाहिल्याशिवाय वहीत लिहायचाच नाही. आयआर, एनएमआर स्पेक्ट्रमसाठी जपानचा एसडीबीएस हा डेटाबेस फुकट आहे. सिंथेसिससाठी 'ऑरगॅनिक सिंथेसेस' पाहा: तिथली प्रत्येक कृती दुसऱ्या प्रयोगशाळेत करून पाहिल्यावरच छापतात. सिनियरच्या प्रॅक्टिकल जर्नलची ती ख्याती नाही. त्यात चुकाही वारसाहक्कानं येतात. एआयला विचारायचं तर विचारा, पण त्यानं दिलेला आकडा हँडबुकात सापडेपर्यंत तराजूला हात लावू नका. ग्रंथालयातलं सीआरसी हँडबुक जुन्या आवृत्तीचं असलं तरी चालतं, बेंझिन अजून ८० अंशांनाच उकळतं.

रीॲक्सिस, सायफाइंडर हे विकतचे रसायन-डेटाबेस कॉलेजात नसतील तर रडत बसू नका, माझ्याकडेही नव्हते. सरकारी संस्थेत असाल तर जानेवारी २०२५पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शनमधून बरीच संशोधन नियतकालिकं उघडतात, ग्रंथपालांना विचारा. तेही नसेल तर पेपरच्या लेखकाला चार ओळींची मेल टाका. मी तिघांना टाकली होती. दोघांनी त्याच आठवड्यात पीडीएफ पाठवली. तिसऱ्यानंही पाठवली, पण भलत्याच पेपरची.