ओंटारियोत नव्याने आलेल्या सिव्हिल इंजिनियरने नोकरी कशी शोधावी

सांगलीच्या वालचंद कॉलेजातून सिव्हिल करून मी आधी पुण्यात इमारतींच्या साइटवर आणि नंतर सातारा-कागल महामार्गाच्या सहापदरीकरणावर काम केलं. आता टोरोंटोजवळच्या मिसिसागात राहते, एका बांधकाम कंपनीत प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर आहे. पीआर म्हणजे कॅनडात कायम राहण्याची परवानगी घेऊन इथे उतरलेली आपल्याकडची मुलंमुली कुणाकडून तरी माझा नंबर मिळवून फोन करतात. बहुतेकांचं गाऱ्हाणं एकच असतं: "ताई, रोज अर्ज टाकतोय, उत्तरच येत नाही." त्यांना फोनवर जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते आहे. उदाहरणं सिव्हिलची आहेत, कारण मला ते क्षेत्र आतून माहीत आहे.

माझं ठाम मत आहे की आपली माणसं कामात कुठेही कमी पडत नाहीत. आपण नेमकं काय काम केलं, हे इथल्या माणसाला आपल्या कागदावरून कळत नाही. अडतं ते तिथे, आणि आपली सगळी मेहनत तिथेच लागली पाहिजे.

अजून भारतात असाल तर

विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्टचे, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांच्या अधिकृत प्रतीचे, दोन-तीन जादा संच सीलबंद पाकिटांत घेऊन ठेवा. इथून ते काम करायचं म्हणजे घरच्या कुणाला तरी रजा टाकून विद्यापीठात खेटे घालावे लागतात. अनुभवपत्रावर "वर्तणूक समाधानकारक" एवढंच असेल तर ते बदलून मागा. पद, तारखा, कामाचं स्वरूप आणि तुमच्यावरची जबाबदारी त्यात यायला हवी.

जुन्या वरिष्ठांचे खासगी ईमेल आणि मोबाइल नंबर जरूर घ्या. माणसाने कंपनी सोडली की ऑफिसचा ईमेल बंद होतो, आणि तीन वर्षांनी तुमच्या कामाची साक्ष द्यायला तोच माणूस लागतो. कशासाठी, ते पुढे येईलच.

परवाना आणि नोकरी

पीआरसाठी डब्ल्यूईएस या परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेकडून पदवीचं मूल्यांकन करून घेतलं म्हणजे आपण इथे इंजिनियर झालो, असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. ओंटारियोत इंजिनियरचा परवाना प्रोफेशनल इंजिनियर्स ओंटारियो म्हणजे पीईओ ही संस्था देते, आणि तिची प्रक्रिया पूर्णपणे वेगळी आहे. त्यात पदवीची तपासणी होते, ४८ महिन्यांचा अनुभव ३४ क्षमतांच्या चौकटीत लिहून दाखवावा लागतो आणि व्यावसायिक आचार व कायद्याची परीक्षा द्यावी लागते. ही परीक्षा अडीच तासांची, ११० बहुपर्यायी प्रश्नांची असते. पूर्वी त्या अनुभवातले किमान १२ महिने कॅनडातले असावेत अशी अट होती. मे २०२३ मध्ये पीईओने ती काढून टाकली. सातारा रोडवर घाम गाळलेली वर्षं आता मोजली जातात, फक्त ती ज्याने जवळून पाहिली त्या वरिष्ठाने दुजोरा द्यावा लागतो. जुन्या साहेबांचा ईमेल हवा तो यासाठी.

पण परवाना हातात येईपर्यंत थांबू नका. परवानाधारक इंजिनियरच्या देखरेखीखाली परवान्याशिवाय काम करता येतं आणि इथली कितीतरी माणसं तशीच सुरुवात करतात. पथ्य एकच पाळायचं: परवाना नसताना स्वतःचं आजचं पद म्हणून "इंजिनियर" लिहायचं नाही, लिंक्डइनवरसुद्धा नाही. इथे कायद्याने ते बिरुद राखीव आहे.

म्हणूनच शोधताना फक्त "सिव्हिल इंजिनियर" हे शब्द टाकून बसू नका. प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर, एस्टिमेटर, साइट इन्स्पेक्टर, मटेरियल टेस्टिंग टेक्निशियन, कॅड टेक्निशियन या पदांच्या जाहिराती वाचा. आपल्याकडे ज्याला क्वांटिटी सर्व्हेचं काम म्हणतो ते इथे बरंचसं एस्टिमेटरच्या टेबलावर असतं. ज्याने बिलं तपासली, मोजमाप पुस्तक भरलं, दर विश्लेषण केलं, त्याने हे पद कमी समजू नये. चांगला एस्टिमेटर कंपन्यांना सहजी मिळत नाही.

रेझ्युमे

इथे मी सगळ्यांत जास्त वेळ घालवायला सांगते. फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, धर्म, विवाहित की अविवाहित, पासपोर्ट नंबर हे सगळं काढून टाका. दोन पानं पुरेत. सर्वांत वर शिक्षण नको, कामाचा तीन-चार ओळींचा सारांश हवा.

आता मुख्य गोष्ट. मला आलेल्या एका रेझ्युमेत ओळ होती: "पुलाच्या बांधकामावर देखरेख केली." इथल्या मॅनेजरला यातून काही कळत नाही. पूल किती लांबीचा, कशाचा, तुमच्या हाताखाली किती माणसं, निर्णय कोणते तुमचे? त्या मुलाशी तासभर बोलल्यावर ओळ अशी झाली: "वाहतूक चालू ठेवून महामार्गावरील तीन गाळ्यांच्या काँक्रीट पुलाचं काम सांभाळलं, चाळीस कामगार आणि दोन उपकंत्राटदारांचं साप्ताहिक वेळापत्रक, काँक्रीट चाचण्यांची नोंद आणि मासिक बिलं माझ्याकडे होती." काम तेच होतं, पण वाचणाऱ्याला आता माणूस दिसू लागला. वाहतूक चालू ठेवून काम करणं हा इथल्या रस्तेबांधणीतला रोजचा प्रश्न आहे, त्यामुळे तेवढ्या दोन-तीन शब्दांवरही मॅनेजरची नजर थांबते.

रक्कम लाख-कोटीत लिहू नका. साठ कोटींचं काम असेल तर आजच्या दराने ते साधारण नऊ-दहा मिलियन कॅनेडियन डॉलर होतं, तसंच लिहा. कंपनीचं नाव इथे कुणाला माहीत नसतं, म्हणून नावापुढे एका ओळीत ती काय करते आणि किती मोठी आहे ते सांगा. एनएच ४८ म्हटलं तर कळणार नाही. मुंबई आणि बंगळुरूला जोडणारा महामार्ग म्हटलं तर कळेल. आणि आपली एक सवय मोडा, "आम्ही केलं" म्हणायची. घरी शिकवलेला तो विनय आहे आणि मला तो प्रिय आहे, पण इथे वाचणाऱ्याला प्रश्न पडतो की यातलं तुम्ही काय केलं.

प्रत्येक जाहिरातीसाठी रेझ्युमे थोडा बदला. जाहिरातीत "शॉप ड्रॉइंग तपासणे" असं असेल आणि तुम्ही ते केलेलं असेल, तर त्याच शब्दांत लिहा. दिवसाला तीस अर्ज टाकण्यापेक्षा आठवड्याला पाच नीट टाकलेले अर्ज जास्त उपयोगी पडतात.

इथलं तांत्रिक ज्ञान

आपण आयएस ४५६ (काँक्रीट) आणि आयएस ८०० (पोलाद) या भारतीय मानकांवर वाढलो. इथे कॅनडाची सीएसए मानकं चालतात: काँक्रीटच्या डिझाइनला सीएसए ए२३.३, पोलादाला सीएसए एस१६, पुलांना सीएसए एस६ आणि इमारतींना ओंटारियो बिल्डिंग कोड. सगळे पाठ करायची गरज नाही, पण फरक कुठे आहे हे माहीत हवं. एम-३० प्रतीचं काँक्रीट म्हणताना आपण १५० मिमी घनाची ताकद सांगतो. इथे चाचणी दंडगोलावर होते, आणि त्याच काँक्रीटचा दंडगोलावरचा आकडा साधारण २४-२५ मेगापास्कल येतो. मुलाखतीत हे सहज सांगता आलं तर समोरचा सावरून बसतो.

थंडीचाही विचार डोक्यात हवा. दक्षिण ओंटारियोत जमीन गोठते म्हणून पाया साधारण १.२ मीटर खाली न्यावा लागतो. फुटपाथचं काँक्रीट बर्फ आणि मीठ सोसतं, म्हणून त्यात ५ ते ८ टक्के हवा मुद्दाम ठेवतात. सळईला १५एम म्हणतात ती साधारण आपली १६ मिमीची. आणि कागदावर देश मेट्रिक असला तरी साइटवर प्लायवूड चार बाय आठ फुटांचंच येतं.

"वर्कर हेल्थ अँड सेफ्टी अवेअरनेस" हे ओंटारियो सरकारचं प्राथमिक प्रशिक्षण ऑनलाइन आणि फुकट आहे, ते पहिल्याच आठवड्यात करून टाका. साइटवर जायचं असेल तर उंचीवर काम करण्याचं प्रशिक्षणही लागतं. त्याचं प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. ड्रायव्हिंग लायसन्सची तयारी लगेच सुरू करा. साइट बसच्या रस्त्यावर नसतात, आणि कित्येक जाहिरातींत जी वर्गाचं, म्हणजे कारचं पूर्ण लायसन्स ही अटच असते.

नोकऱ्या कुठे शोधायच्या

जॉब बँक, लिंक्डइन, इंडीड हे सगळ्यांनाच माहीत असतं. महापालिकांची स्वतःची पोर्टल असतात: टोरोंटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन, पील रीजन. शिवाय मेट्रोलिंक्स, म्हणजे इथली सार्वजनिक वाहतुकीची सरकारी संस्था. ती दर आठवड्याला उघडा.

यापेक्षा माझा भरवसा आहे तो टेंडर वाचण्यावर. भारतात कंत्राटदार कुणाला काम लागलं यावर डोळा ठेवून असतात, तेच इथे नोकरीसाठी करा. डेली कमर्शियल न्यूज हे कॅनडातलं बांधकाम क्षेत्राचं वृत्तपत्र ऑनलाइन वाचता येतं. कुणाला पाण्याच्या प्रकल्पाचं, शाळेचं, रस्त्याचं काम मिळालं ते बघा. त्या कंपनीला पुढच्या काही महिन्यांत माणसं लागणार. जाहिरात यायच्या आधीच तिथल्या प्रोजेक्ट मॅनेजरला चार ओळींचं पत्र लिहा: तुम्हाला हे काम मिळाल्याचं वाचलं, मी अशाच प्रकारचं काम अमुक ठिकाणी केलंय, पंधरा मिनिटं बोलाल का? नोकरी मागू नका, बोलायला वेळ मागा. लोक आश्चर्य वाटावं इतक्या मोकळेपणाने वेळ देतात.

हंगामही ओळखा. इथे बांधकाम बर्फ वितळल्यावर जोर धरतं, म्हणून भरतीची लगबग जानेवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत असते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये फोन वाजला नाही तर खचून जाऊ नका. तो काळ कोड वाचायला आणि प्रशिक्षणं उरकायला वापरा.

पीआर असलेल्यांसाठी मोफत मदत देणाऱ्या संस्था आहेत, आणि आपली माणसं संकोचापोटी तिकडे जात नाहीत याचं मला फार वाईट वाटतं. अ‍ॅक्सेस एम्प्लॉयमेंटची कार्यालयं मिसिसागा आणि ब्रॅम्प्टनमध्ये आहेत. ट्रीक ही टोरोंटोची संस्था तुमच्याच क्षेत्रातल्या अनुभवी माणसाशी तुमची गाठ घालून देते. तो माणूस नोकरी देत नाही, पण तुमचा रेझ्युमे इथल्या डोळ्यांनी वाचतो आणि चार जणांची नावं सांगतो. टोरोंटोच्या मराठी भाषिक मंडळात गणपतीला जा, दिवाळीला जा. माणसं भेटतात, धीर येतो. मात्र फक्त मराठी मंडळींतच राहू नका, कारण साइटवरचा सुपरिंटेंडंट म्हणजे साइटचा प्रमुख इटालियन किंवा पोर्तुगीज असण्याची शक्यता जास्त.

कायदा तुमच्या बाजूने काय सांगतो

१ जानेवारी २०२६ पासून ओंटारियोत २५ किंवा अधिक माणसं असलेल्या कंपनीला जाहीर केलेल्या जाहिरातीत "कॅनेडियन अनुभव हवा" अशी अट घालता येत नाही. पगाराचा पल्ला लिहावा लागतो, आणि मुलाखत दिलेल्याला शेवटच्या मुलाखतीनंतर ४५ दिवसांत निर्णय झाला की नाही ते कळवावं लागतं. मुलाखतीत कायद्याची भाषा बोलून भांडू नका, पण पगार विचारताना जाहिरातीतला पल्ला समोर ठेवून बोला.

नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणारा कुणीही असो, आपला असो वा परका, त्याला सरळ नाही म्हणा. सिन नंबर (सरकारने दिलेला सोशल इन्शुरन्स नंबर) नोकरी मिळाल्यावरच द्यायचा, अर्जावर कधीही नाही.

मुलाखत

"एखादा प्रसंग सांगा जेव्हा…" अशा प्रश्नांची तयारी करा. साइटवरचे सहा-सात खरे प्रसंग आधीच लिहून काढा: पावसाने काम अडलं, उपकंत्राटदाराने हात वर केले, काँक्रीट नापास झालं, माणसाला दुखापत होता होता वाचली. प्रत्येकात परिस्थिती काय होती, तुम्ही काय केलं, शेवट काय झाला. सुरक्षिततेचा प्रश्न येतोच. धोकादायक काम नाकारण्याचा हक्क इथल्या कामगाराला कायद्याने आहे. म्हणून "त्याला समजावून काम करून घेतलं" हे उत्तर चालत नाही. काम थांबवलं, धोका दूर केला, वर कळवलं, मग पुन्हा सुरू केलं, हे चालतं.

समोरच्याला नावाने हाक मारायची सवय करा, वय कितीही असो. मला ते सुरुवातीला जड गेलं, पण सारखं "सर" म्हटलं की इथे माणूस अवघडतो. रेफरन्स म्हणून भारतातल्या साहेबांचं नाव देणार असाल तर वेळेचा फरक आधीच कळवा. उन्हाळ्यात भारत साडेनऊ तास पुढे, हिवाळ्यात साडेदहा. साहेबांनाही सांगून ठेवा, नाहीतर परदेशी नंबर बघून ते फोन उचलत नाहीत.

दरम्यान पोट भरायला

ब्रॅम्प्टनच्या गोदामात किंवा दुकानात काम करावं लागलं तर लाज बाळगू नका, पण संध्याकाळची किंवा शनिवार-रविवारची पाळी मागा. कंपन्यांचे फोन आणि मुलाखती दिवसा असतात, आणि दिवसाची सगळी पाळी त्यात गेली की शोध मागे पडतो. गोदामापेक्षा मटेरियल टेस्टिंग लॅबमध्ये हंगामी टेक्निशियनचं काम मिळालं तर ते आधी घ्या. पगार थोडा, उन्हातान्हातलं काम, पण दिवसभरात पाच साइटवर जाता, तिथले सुपरिंटेंडंट ओळखायला लागतात, आणि इथलं काँक्रीट हाताला कळतं.

नोकरी लागल्यावर पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा. कोणतं काम, कोणत्या तारखा, निर्णय कोणता घेतला, देखरेख करणारा परवानाधारक इंजिनियर कोण. पीईओच्या ३४ क्षमतांची यादी वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा आणि दर महिन्याला त्यातली कोणती या महिन्याच्या कामात आली ते समोर लिहा. कोणती रिकामी राहतेय ते दिसलं की साहेबांकडे तसं काम मागता येतं.