स्लोवर बंद पडणारी पेट्रोल गाडी: गॅरेजला नवीन लागलेल्या पोरांसाठी माझा अनुभव

आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा २ वर्षांचा कोर्स करून गॅरेजला लागलो तेव्हा "स्लोवर गाडी बंद पडते" (स्लो म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असणं) असं कोणी म्हटलं की माझा हात आधी प्लगच्या पान्याकडे जायचा. हवा, पेट्रोल, ठिणगी हे पाठ होतं पण सुरुवात कुठून करायची ते माहीत नव्हतं.

एक हॅचबॅक अजून आठवते. दुसरीकडे प्लग, कॉइल, अगदी टाकीतला पेट्रोल पंपसुद्धा बदलून झालेला आणि तरी सिग्नलला बंदच पडायची, आमच्याकडे मात्र तासभर ८०० आरपीएमवर शांत चालली. मी म्हटलं फॉल्टच नाही. उस्तादांनी मालकाला एवढंच विचारलं, "काका, सिग्नलला ब्रेकवर पाय असतो ना?" आणि चालू गाडीत ब्रेक दाबला. पेडलपाशी फुस्स आवाज, इंजिन गचके खाऊन बंद! ब्रेक बूस्टरचा, म्हणजे इंजिनच्या व्हॅक्यूमवर पेडल हलकं करणाऱ्या डब्याचा, पडदा फाटलेला, ब्रेक दाबला की तिथून बाहेरची हवा थेट मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये). खात्री करायला बूस्टरचा व्हॅक्यूम पाईप क्लॅम्पने दाबून धरला तर इंजिन एकदम सुरळीत. (पाईप असा दाबून गाडी रस्त्यावर अजिबात काढू नका, पेडल दगडासारखं होतं.)

तेव्हापासून बॉनेट उघडायच्या आधी मी विचारतो, कधी बंद पडते? एसी लावल्यावर पडत असेल तर थ्रॉटल बॉडीत (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागात) कार्बन नाहीतर आयडल व्हॉल्व्ह (स्लोची हवा सांभाळणारा) अडकलेला, बॅटरी काढल्यापासून पडत असेल तर बऱ्याचदा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) शिकलेलं आयडलिंग, म्हणजे स्लोची सेटिंग, विसरलेला असतो, आणि गरम झाल्यावर बंद पडून थंड होईपर्यंत सुरूच होत नसेल तर माझा पहिला संशय क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरतंय का ते ईसीयूला सांगणारा).

मग स्कॅनर, म्हणजे ईसीयूतले फॉल्ट कोड वाचायचं मशीन. पी०१७१ कोड दिसला की लगेच सेन्सर मागवू नका, तो कोड फक्त मिश्रण पातळ आहे (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) एवढंच सांगतो. एअर फ्लो सेन्सरवाल्या (आत जाणारी हवा मोजणाऱ्या) गाडीत फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती वाढवतो-कमी करतो तो आकडा) स्लोवर +२० टक्के आणि २५०० आरपीएमला शून्याजवळ येत असेल तर कुठूनतरी हवा ओढतेय, रेसवर उलट वाढत असेल तर पेट्रोल कमी पडतंय. मॅप सेन्सरवाल्या (मॅनिफोल्डमधलं प्रेशर मोजणाऱ्या) गाडीत मात्र ट्रिमवर फार विसंबू नका कारण आत शिरलेली हवा तिथे प्रेशर म्हणूनच मोजली जाते, तिथे मॅपचा आकडा बघायचा, गरम इंजिनला स्लोवर साधारण ३० ते ४० केपीए (किलोपास्कल) असतो, ५०च्या वर गेला तर सगळे पाईप एकेक करून तपासा.

थ्रॉटल साफ करताना इलेक्ट्रॉनिक फ्लॅप (मोटरने हलणारी हवेची झडप) इग्निशन चालू ठेवून बोटाने ढकलू नका, मोटर आणि गिअर खराब होतात, आणि साफ केल्यावर आयडल लर्निंग (ईसीयूला स्लो परत शिकवणं) करायला विसरू नका.

गाडी परत द्यायच्या आधी मी एसी, हेडलाईट लावून १० मिनिटं स्लोवर उभी ठेवतो, स्टिअरिंग फिरवतो, ब्रेक चार-पाच वेळा दाबून बघतो, मगच मालकाला फोन.