रब्बीचं बियाणं आणण्याआधी विहीर मोजा

परतीचा पाऊस गेला, विहिरी तुडुंब दिसताहेत आणि कांद्याचं रोप टाकायची घाई सुरू झाली आहे. चार दिवस थांबा. ऑक्टोबरची भरलेली विहीर दरवर्षी फसवते. कांदा पोसतो फेब्रुवारी-मार्चात आणि विहीर तळ दाखवते तीही तेव्हाच. मग टँकर आणा, नाहीतर गोलटी म्हणजे न पोसलेला बारका कांदा काढा. हे नुकसान रोगाचं नाही, विहीर न मोजता केलेल्या लावणीचं आहे.

मोजायचं असं. दोरीला दगड बांधा, दर फुटाला गाठ मारा. दिवसभर मोटर चालवून पाणी खाली न्या. संध्याकाळी मोटर बंद केली की पातळी पाहा, सकाळी चालू करण्याआधी पुन्हा पाहा. रातभरात जेवढे फूट चढलं तो तुमचा पाझर. 24 फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे 12,800 लिटर. एकरभर रानाला पाटानं पाण्याची एक पाळी, म्हणजे 6 सेंटिमीटर उभं पाणी, द्यायची तर सुमारे 2 लाख 43 हजार लिटर लागतं, म्हणजे 19 फूट विहीर. रात्री 8 फूट चढत असेल तर एका एकराच्या एका पाळीला दोन रात्रींहून जास्त गेल्या.

हा आजचा पाझर. माझा अंदाज असा की माघात तो निम्म्यावर येतो, माळरानावर त्याहूनही खाली. हिशेब निम्म्यावरच धरा. हरभरा दोन-तीन पाळ्यांत निघतो, गव्हाला पाच-सहा लागतात, रब्बी कांद्याला 12 ते 15. दोरी सांगेल तेवढाच कांदा, बाकी रानात हरभरा किंवा ज्वारी.

"कमी पडलं तर बोअर मारू" हे आधी डोक्यातून काढा. राज्याचा 80 टक्क्यांहून जास्त भाग काळ्या पाषाणाचा आहे. पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. तुमची विहीर आणि बांधापलीकडची विहीर बहुतेक एकाच मुरमातून भरते. खोल बोअरनं नवं पाणी तयार होत नाही, शेजाऱ्याचं आधी ओढलं जातं, मग त्याचा बोअर तुमचं ओढतो. 2009 च्या भूजल कायद्यानं अधिसूचित, म्हणजे सरकारनं जाहीर केलेल्या, क्षेत्रात शेतीसाठी 60 मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई केली, ती याचसाठी. बोअरची गाडीवाला फुटावर पैसे घेतो. पाणी लागलं काय, न लागलं काय, त्याचं बिल तेवढंच.

शेततळ्याचंही तेच. प्लास्टिक अंथरून त्यात विहिरीचंच पाणी उपसून भरताय, तर जमिनीखाली झाकलेलं पाणी उन्हात उघडं टाकताय. तळं भरायचं ते पावसाळ्यात वाहून जाणाऱ्या पाण्यानं.

नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार या गावात पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि पिकं त्यावर ठरतात; शेतीसाठी बोअर तिथं बंद आहेत. सगळं गाव तयार नसेल तर निदान एका ओढ्यावरच्या पाच-सात विहीरवाल्यांनी एकत्र बसून आपापले फूट सांगा. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशा चार वेळा मोजते. त्याच महिन्यांत आपणही मोजावं.

या पंधरवड्यातली कामं:
- ओढा वाहता आहे तोवर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांचा वनराई बंधारा
- कोल्हापुरी बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) बसवणं
- हरभरा बीजप्रक्रिया: ट्रायकोडर्मा (रोग रोखणारी उपयुक्त बुरशी) 5 ग्रॅम प्रति किलो, नंतर रायझोबियम (नत्र देणारं जिवाणू खत) 250 ग्रॅम प्रति 10 किलो बियाणं
- बागायती गव्हाची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात
- ठिबकच्या नळ्या धुणं, गळती काढणं

दुकानदार "पाणी धरून ठेवणारी" पावडर पुढे करेल. आधी पाचट, भुसा, काडीकचरा अंथरा. ते घरचं आहे. फळबागेला ताण बसलाच तर केओलिन (पांढऱ्या मातीची भुकटी) 8 टक्के, म्हणजे 10 लिटर पाण्यात 800 ग्रॅम, फवारा. महागड्या बाटलीची गरज नाही.

जानेवारीत दोरी पुन्हा सोडा. पाझर धरलेल्या निम्म्याच्याही खाली गेला असेल तर उन्हाळी भुईमूग आणि उन्हाळी बाजरी त्याच दिवशी रद्द करा, आणि उरलेलं पाणी बागेला आणि जनावरांना राखा.