पोकळीला अस्तर कुणाचं? एफवायच्या झूलॉजीत लागलेली माझी केटी

एफवाय बीएस्सीच्या पहिल्याच सेमिस्टरला मला झूलॉजीत केटी लागली (म्हणजे नापास झालेला विषय पुन्हा द्यायचा), आणि तीही अपृष्ठवंशीय, म्हणजे पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांत. ‘स्पंज, जेलीफिश, जंत, गांडूळ, सगळं दहावीतलंच तर आहे’ असं ज्या भागाबद्दल सगळे सांगतात, नेमकी त्यातच. मी कळव्याची. ठाण्याला येऊन ट्रान्सहार्बरची गाडी पकडायची आणि नवी मुंबईत कॉलेज गाठायचं, असा रोजचा रस्ता. निकालाच्या दिवशी परतताना ऐरोलीपासून ठाण्यापर्यंत दाराशी उभी राहून रडले होते. आज मी याच विषयाच्या शिकवण्या घेते. दर जूनला नवी मुलं येतात आणि बरोब्बर त्याच खड्ड्यात पाय घालतात, म्हणून एकदा सविस्तर लिहिते आहे. संघांची, म्हणजे प्राण्यांच्या मोठ्या गटांची, नावं आणि उदाहरणं तुम्हाला येतात असं धरून चालते.

आधी ‘साधे प्राणी’ हा शब्द डोक्यातून काढा. साधे म्हटलं की आपण त्यांना शेवटच्या रात्रीसाठी ठेवतो. स्पंजचंच घ्या. ल्युकोनिया नावाचा १० सेंटिमीटर उंच, १ सेंटिमीटर जाड स्पंज दिवसाला साधारण २२.५ लिटर पाणी अंगातून फिरवतो. म्हणजे आपल्या न्हाणीघरातली मोठी बादली. हृदय नाही, स्नायू नाहीत, फक्त आतल्या कॉलर पेशींच्या चाबकासारख्या शेपट्या हलत असतात. १९०७ मध्ये एच. व्ही. विल्सन यांनी जिवंत स्पंज बारीक विणीच्या कापडातून पिळून त्याच्या पेशी सुट्या केल्या. त्या पेशी पाण्यात सरकत सरकत एकमेकींना चिकटल्या आणि त्यांतून पुन्हा स्पंज उभे राहिले. हा प्रयोग लक्षात ठेवला की ‘स्पंजमध्ये पेशी आहेत, खऱ्या ऊती नाहीत’ हे वाक्य पाठ करावं लागत नाही. पुढच्या गोष्टीसाठी तेवढं पुरे.

आता तो खड्डा.

माझा घात ‘सील’ या एका शब्दाने केला. पोकळ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तो आलाय आणि या विषयात जागोजागी पेरलेला आहे. स्पंजच्या मधल्या पोकळीला स्पंजोसील. हायड्राच्या पोटाला सीलेंटेरॉन, त्यावरून त्या संघाचं जुनं नाव सीलेंटराटा. जंताच्या आतल्या पोकळीला स्यूडोसीलोम, गांडुळाच्या पोकळीला सीलोम, आणि पुढे झुरळापाशी पोचलात की हिमोसील. मी मराठी माध्यमातून आलेली. शाळेत सीलोमसाठी ‘देहगुहा’ हा शब्द घोकला होता, पण देहगुहा कशी दिसते हे कधी पाहिलं नव्हतं. कॉलेजात सगळी नावं एकदम इंग्रजीत अंगावर आली तेव्हा मनाने परस्पर ठरवून टाकलं की आत पोकळी दिसली म्हणजे सीलोम.

त्यात जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही. मी एका सिनियरचं जर्नल आणून सगळ्या आकृत्या उतरवल्या. हायड्राच्या आडव्या छेदात मधल्या पोकळीला तिने ‘सीलोम’ लिहिलं होतं, मीही लिहिलं. जर्नल सर्टिफाय झालं, कुणाच्या नजरेत आलं नाही. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या सरांनी तेच पान उघडलं. म्हणाले, “हायड्रा द्विस्तरीय. मग मधला थर नसताना सीलोम आला कुठून?” मी गप्प. त्यांनी अ‍ॅस्कॅरिस या जंताची स्लाइड दाखवली, मी तिलाही सीलोम म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. थिअरीच्या पेपरात दहा मार्कांचा प्रश्न याच मुद्द्यावर होता, तोही गेला.

सिनियरची चूक होती, पण डोळे झाकून उतरवणारी मी होते. जर्नल उतरवू नका. अगदी वाईट आकृती आली तरी चालेल, पण मायक्रोस्कोपला डोळा लावून स्वतः काढा.

केटीचा अभ्यास करत होते तेव्हाची गोष्ट. आई घरी ब्लाऊज शिवते. एका संध्याकाळी ती लांब बाहीला अस्तर लावत होती आणि मी शेजारी पुस्तक घेऊन बसले होते. सहज त्या बाहीत हात घातला. “अगं, टाचण्या आहेत त्यात, लागतील,” आई म्हणाली. मी हात तसाच ठेवला. बाहेर कापड, कापडाला आतून अस्तर, मग मोकळी जागा, मग माझा उघडा हात. आणि एकदम दिसलं की हा अ‍ॅस्कॅरिस आहे.

तुम्हीही करून बघा. बाहीचं कापड म्हणजे कातडी. तुमचा हात म्हणजे अन्ननलिका. अस्तर म्हणजे मधला थर, मेसोडर्म. आता एकेक प्राणी घ्या.

प्लॅनेरिया किंवा यकृतकृमी यांसारखा चपटा कृमी असेल, तर कापड आणि हात यांच्यामधल्या जागेत कापूस ठासून भरलेला आहे. हा कापूस मधल्या थराचाच, पण मोकळी जागा म्हणून उरलेली नाही. म्हणून तो देहगुहाहीन. आत खेळणारा द्रव नाही, रक्त नाही, तर प्राणवायू प्रत्येक पेशीपर्यंत पोचणार कसा? अंग चपटं असेल तरच. चपटेपणा हे नुसतं दिसणं नाही, ती त्याची गरज आहे. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर त्या संघाचं नाव पाठ करायला लागलं नसतं.

अ‍ॅस्कॅरिस, म्हणजे आपला पोटातला जंत: अस्तर फक्त कापडाच्या बाजूला. हात उघडाच. पोकळी आहे, पण एका बाजूला मधला थर आणि दुसऱ्या बाजूला थेट आतड्याची पेशींची एकपदरी भिंत. म्हणून ती आभासी देहगुहा, स्यूडोसीलोम. त्या आतड्याभोवती स्वतःचे स्नायू नाहीत, अन्न पुढे ढकलायचं काम घशाच्या पंपाला करावं लागतं.

गांडूळ: कापडाला अस्तर आहे आणि हातावरही त्याच अस्तराच्या कापडाचा मोजा चढवलाय. पोकळी दोन्हीकडून मधल्या थराने वेढलेली. ही खरी देहगुहा. आतड्याला स्वतःचे स्नायू मिळाले, त्यामुळे अंग एकीकडे सरकत असताना आतडं आपलं आपलं काम करत राहतं.

आणि हायड्रा, जेलीफिश? तिथे बाहीत हात घातलेलाच नाही. दोन पदरी कापड, मध्ये खळीसारखा मेसोग्लिया, एक तोंड शिवून बंद केलेलं. बाहीची आतली बाजू हेच पोट. जिथे अन्न पडतं ती पोकळी देहगुहा असूच शकत नाही. स्पंजोसील तर पोटही नाही, तो पाण्याचा रस्ता आहे.

म्हणून छेद समोर आला की पोकळी शोधत सुटू नका. आधी अन्न कुठे जातं ते ओळखा, ती जागा बाजूला काढा, मग उरलेल्या पोकळीच्या दोन्ही भिंती कोणत्या थराच्या आहेत ते बघा. तीन रंगीत पेन्सिली घ्या: एक्टोडर्म (बाहेरचा थर) निळा, मेसोडर्म लाल, एंडोडर्म (आतला थर) पिवळा. पुस्तकांत बहुतेक हेच रंग असतात. हायड्रात लाल पेन्सिल हातात घ्यावीच लागत नाही. अ‍ॅस्कॅरिसमध्ये पोकळीच्या एका कडेला लाल येतो, गांडुळात दोन्ही कडांना. पाच छेद, पाच दिवस, रोज कोऱ्या कागदावर. माझ्याकडच्या मुलांना मी एवढंच करायला लावते.

पाठांतराच्या क्लृप्त्यांबद्दल माझं मत कडक आहे. नावांच्या आद्याक्षरांचं वाक्य करून संघांचा क्रम लक्षात राहतो, पण क्रम कुणी विचारत नाही. दुप्पट वेगाने बघितलेला चार तासांचा व्हिडिओ समाधान देतो, स्लाइड ओळखायला शिकवत नाही. ‘नीट’ प्रवेश परीक्षेवाल्यांचा नाइलाज समजू शकते, पण बीएस्सीला आलात तर हाताशी मायक्रोस्कोप असताना मोबाइलवर कशाला बघता? मार्गदर्शक निवडताना टॉपरच्या मागे धावू नका. मला सगळ्यात जास्त आमच्या लॅबमधल्या काकांनी शिकवलं. ते स्लाइड लावून द्यायचे आणि म्हणायचे, “बाळ, नाव नंतर सांग, आधी काय दिसतंय ते सांग.” अशा माणसाशेजारी बसा, पदवी बघू नका.

‘कृमी’ या शब्दानेही फसू नका, पण हे थोडक्यात. लांबट, मऊ, बिनपायाचं दिसलं की आपण जंत, अळी, जळू काहीही म्हणतो. एकदा पावसाळ्यात ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात ओल्या दगडावर काळपट, चकचकीत, फावड्यासारख्या पसरट डोक्याचा प्राणी दिसला. मी मैत्रिणींना छातीठोकपणे जळू म्हणून सांगितलं. अंगावर एकही वलय नव्हतं, पुढेमागे चिकटायचे चूषकही नव्हते. तो बायपॅलियम, जमिनीवर राहणारा चपटा कृमी. जळू वलयी संघातली, तिला ३३ खंड. दोघांत नात्याने फार मोठं अंतर आहे.

जंतांच्या वेळी थोडं घरातलंही आठवा, अभ्यास हलका होतो. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला शाळेत चघळायला दिलेली जंताची गोळी याच अ‍ॅस्कॅरिस आणि त्याच्या भाऊबंदांसाठी. आजीच्या तोंडी असलेला नारू हाही गोलकृमीच, त्यापासून भारत २००० मध्ये मुक्त जाहीर झाला. हत्तीपाय रोगाचा वुचेरेरियाही गोलकृमी.

एक इशारा मात्र नीट ऐका. पावसाळ्यात जुहू, गिरगावच्या वाळूवर निळे फुगे वाहून येतात. तो फायसेलिया. दिसतो जेलीफिशसारखा, प्रत्यक्षात ती एकत्र राहणाऱ्या अनेक जिवांची वसाहत आहे. नमुना म्हणून उचलायचा मोह होतो. हात लावू नका, मेलेला वाटला तरीही नाही. त्याच्या दंशपेशी प्राणी मेल्यावरही फुटतात. डंख झालाच तर वाळू घासू नका, डॉक्टरकडे जा.

खाडीबद्दलही तेच. ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्याचा भाग २०१५ पासून संरक्षित आहे, २०२२ मध्ये त्याला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. तिथे उतरून चिखल उकरायचा नाही. तिवरांच्या चिखलात पाय गुडघ्यापर्यंत जातो आणि भरती वाट बघत नाही. ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रातून बोट सुटते, तीतून जा. सगळे फ्लेमिंगोंचे फोटो काढत असतात तेव्हा तुम्ही उघड्या चिखलावर चोच खुपसत फिरणारे छोटे तपकिरी पक्षी बघा. ते ज्यांना ओढून काढतात त्यांत पॉलिकीट, म्हणजे समुद्री वलयी कृमी असतात, पुस्तकातल्या नेरीसची भावंडं. पुस्तकातला वलयी संघ तिथे जिवंत भेटतो.

भीती वाटत असेल तर वाटू द्या, मलाही वाटायची. केटीच्या प्रॅक्टिकलला परत अ‍ॅस्कॅरिसचीच स्लाइड आली. मी म्हटलं, “सर, इथे अस्तर एकाच बाजूला आहे.” “अस्तर?” असं म्हणून त्यांनी खुर्ची जवळ ओढली, आणि मी बाहीची गोष्ट सांगितली. सुटले. तुमचंही सुटेल, फक्त छेद काढत राहा.

आणि पहिल्या पावसात, पेपर नाही, परीक्षा नाही, तेव्हा एक करा. बिल्डिंगच्या जिन्यापाशी गांडूळ वर आलेलं असतं. ओल्या हाताने उचलून वर्तमानपत्राच्या कागदावर ठेवा आणि कान अगदी जवळ न्या. ते सरकू लागलं की खर्र खर्र असा बारीक आवाज येतो. बहुतेक खंडांवरचे सीटी, म्हणजे आखूड राठ केस, कागदाला घासतात, त्याचा तो आवाज. हाताला गुळगुळीत लागणाऱ्या त्या अंगावर केस आहेत हे मला तेव्हा पटलं. मिनिटभर ऐका, मग त्याला पुन्हा ओल्या मातीत सोडा, कागदावर त्याचं अंग लवकर सुकतं.